जिवंत मीलवर्म ठेवते, पण दयाळ फिरकत नाही

प्रश्न : पुण्यात सहकारनगरला आमचं तळमजल्यावरचं घर आहे, मागे छोटी बाग. दयाळाची जोडी रोज येते, बुलबुल आहेत, शिंपी आहे, साळुंक्या तर आहेतच. एप्रिलच्या सुरुवातीपासून मी रोज सकाळी नऊच्या सुमारास कंपाउंडच्या भिंतीवर स्टीलच्या वाटीत जिवंत मीलवर्म (पिठातल्या भुंगेऱ्याच्या अळ्या) कोंड्यासकट ठेवते. बुलबुल बघून जातो, दयाळ जवळसुद्धा येत नाही. कावळ्याने दोनदा वाटीच पाडली. उरलेल्या अळ्या दुपारपर्यंत मरतात, नाहीतर मुंग्या नेतात. वाळवलेले मीलवर्मही ठेवून पाहिले, त्यांना कुणी विचारत नाही. पक्ष्यांना सवय कशी लावायची? आणि पिल्लांना यातून काही अपाय नाही ना?

उत्तर : निम्मं उत्तर तुमच्या वर्णनातच आहे. भिंत, स्टीलची वाटी, कोंडा आणि सकाळचे नऊ, या चारही गोष्टी दयाळाच्या विरुद्ध जातात. किडे खाणाऱ्या पक्ष्याला अळी खायला शिकवावं लागत नाही. हलताना दिसली की तो ती उचलतो. त्याला कळायला हवं ते एवढंच, की अमक्या जागी अमक्या वेळी अळी असते आणि तिथे उतरण्यात धोका नाही.

आधी दोन दिवस काहीही न ठेवता दयाळ शिकार कशी करतो ते नुसतं बघा. जमिनीपासून दोन-तीन हात उंच फांदीवर, कुंडीच्या काठावर किंवा बागेतल्या नळावर तो बसतो, मान तिरकी करून खाली पाहतो, मातीत काही हललं की झटकन उतरतो, उचलतो आणि परत वर जातो. खाणं शोधण्याची त्याची जागा म्हणजे झुडपांच्या आडोशाची जमीन. उघड्या भिंतीच्या माथ्यावर तो गाण्यासाठी बसेल, खाणं शोधायला जाणार नाही. शिवाय आपल्याकडे कंपाउंडची भिंत हा मांजरांचा हमरस्ता असतो, आणि हे त्याला आपल्याआधी माहीत असतं.

आता कोंडा. मीलवर्म म्हणजे टेनेब्रिओ मोलिटर नावाच्या काळ्या भुंगेऱ्याची अळी. साठवलेल्या धान्यात आणि पिठात वाढणारा हा किडा, त्यामुळे उजेड दिसला की ती खाली घुसते. कोंड्यासकट वाटी ठेवली की दोन मिनिटांत अळ्या तळाशी जातात आणि वरून दिसतो फक्त भुसा. बुलबुल बघून जातो याचं कारण हेच असावं, त्याला बघण्यासारखं काही उरलेलंच नसतं. अळ्या पिठाच्या चाळणीतून चाळून घ्या (चाळणी वेगळी ठेवा, हे सांगायला नको) आणि रिकाम्या भांड्यात नुसत्या टाका. लपायला जागा नसली की त्या सारख्या वळवळत राहतात, आणि ते वळवळणंच पक्ष्याला लांबून दिसतं.

भांडं स्टीलचं नको. ते चकाकतं, त्यात पक्ष्याला स्वतःची हालचाल दिसते आणि एप्रिलच्या उन्हात ते तापतं. मीलवर्मला पंचवीस ते अठ्ठावीस अंश सेल्सिअस मानवतात. पस्तीसच्या पुढे तापमान गेलं की त्या मरायला लागतात, आणि उन्हातली स्टीलची वाटी त्याच्या बरीच पुढे जाते. मातीची पणती किंवा परळही चालणार नाही, कारण खरखरीत पृष्ठभागावरून अळ्या चढून बाहेर पडतात. चकचकीत झिलईची चिनीमातीची खोलगट बशी सगळ्यात चांगली. काठ चार-पाच सेंटिमीटर उंच आणि सरळ असावेत. गुळगुळीत काठावर अळीला पकड मिळत नाही. बशी फिक्या रंगाची असली तर पिवळट-तपकिरी अळ्या उठून दिसतात.

मुंग्यांचा बंदोबस्त सोपा आहे. कुंडीखाली ठेवतो ती प्लास्टिकची थाळी घ्या, मध्ये एक वीट किंवा पालथी वाटी ठेवा, तिच्यावर बशी, आणि थाळीत बोटभर पाणी. पाण्याला पानं, काड्या टेकू देऊ नका, मुंग्या तेवढ्यावरूनही पूल करतात. पाणी रोज बदला. चारपाच दिवस साचलं तर त्यात डासांच्या अळ्या होतील आणि मग तुम्हाला सोसायटीला वेगळं उत्तर द्यावं लागेल. मुंग्यांसाठी खडू, पावडर किंवा फवारणी मात्र बशीच्या आसपास अजिबात नको. सोसायटीत डासांसाठी धूर फवारतात त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी काही ठेवू नका.

जागा निवडताना झुडूप बशीपासून दीड-दोन मीटरवर असावं. अगदी झुडपाला टेकून ठेवलीत तर मांजर दबा धरून बसतं, फार उघड्यावर ठेवलीत तर वरून शिक्रा येतो. सहकारनगर तळजाई टेकडीच्या पायथ्याशी आहे, तुमच्याकडे शिक्रा नसेल तरच नवल. जवळ एखादी वाळकी फांदी मातीत तिरकी खोचून ठेवा. दयाळ आधी त्या फांदीवर येईल, बशीवर थेट उतरणार नाही.

सवय लावण्याचा खरा उपाय बशी नव्हे, खुरपं आहे. माणूस माती उकरू लागला की दयाळ जवळ येऊन बसतो हे बागकाम करणाऱ्या कुणालाही विचारा. युरोपात रॉबिन हा पक्षी असाच माळ्याच्या फावड्यामागे फिरतो आणि त्याला हातावर मीलवर्म खायला घालण्याची हौस तिथे जुनी आहे. आपल्या बागेत ती भूमिका दयाळाची. सकाळी एक वाफा खुरपा, थोडं पाणी शिंपडा, पालापाचोळा उलथा. दयाळ येऊन बसला की त्याच्याकडे टक लावून न बघता उकरलेल्या मातीवर चार-पाच अळ्या टाका आणि तीन-चार मीटर मागे सरका. बसलात तर आणखी चांगलं. उभा माणूस पक्ष्याला मोठा वाटतो, आणि डोळ्याला डोळा भिडवणारा त्याहून मोठा. अळ्या मातीत शिरायला एक-दोन मिनिटं लागतात, तेवढ्यात तो उतरला पाहिजे. नाही उतरला तर नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच वेळी.

मातीवरून तो बिनधास्त उचलू लागला की रिकामी बशी तिथे नेऊन ठेवा, अळ्या अजून मातीवरच. एक-दोन दिवसांनी काही मातीवर, काही बशीत. मग सगळ्या बशीत. घाई करून पहिल्याच दिवशी बशी ठेवली की नव्या वस्तूची धास्ती आणि नव्या खाण्याची ओळख ही दोन्ही ओझी एकदम येतात. अळ्या टाकताना दर वेळी एकच आवाज करा, डबा दोनदा वाजवा किंवा हलकी शीळ घाला. दयाळ हे फार लवकर धरतो. पुढेपुढे डब्याचं झाकण उघडल्याच्या आवाजावर नर फांदीवर हजर होतो, शेपटी उभारून.

वेळ नऊची नको. एप्रिलमध्ये पुण्यात सूर्योदय सव्वासहाच्या आसपास होतो आणि दयाळ त्याच्याही आधीपासून गात असतो. पुरेसं उजाडलं की लगेच अळ्या ठेवा. साळुंक्या रात्री झाडावर घोळक्याने झोपतात आणि उजाडल्यावर पांगून बागांमध्ये येतात. त्या पोहोचण्याआधीचा थोडा वेळ दयाळाचा असतो. संध्याकाळीही तसंच. सूर्य मावळल्यावर, इतर पक्षी झोपायच्या गडबडीत असताना दयाळ अंधार पडेपर्यंत जमिनीवर टिपत असतो.

साळुंकी आणि कावळा यांना पूर्ण रोखता येईल असं समजू नका. बाजारात जाळीचे पिंजरेवजा फीडर मिळतात, पण पाच सेंटिमीटरच्या चौकटीतून चिमणी, शिंपी, राखी वल्गुली सहज जातात आणि दयाळ बाहेर राहतो. दयाळ जाईल इतकी मोठी चौकट केली की साळुंकीही जाते, कारण दोघांच्या आकारात फार अंतर नाही. दयाळ साधारण एकोणीस-वीस सेंटिमीटर, साळुंकी तेवीस-चोवीस. कावळा आणि कबुतर मात्र अशा जाळीने अडतात. म्हणून माझा भर जाळीपेक्षा मापावर असतो. पक्षी समोर असताना आठ-दहा अळ्या टाकायच्या, पाच-सात मिनिटांत संपतील एवढ्याच. बशी दिवसभर भरलेली ठेवली की ती साळुंक्यांची खाणावळ होते, आणि साळुंक्या जमल्या की दयाळ बाजूला होतो. बशीशेजारी तांदूळ, बाजरी, ज्वारी टाकू नका. कबुतरं अळ्यांसाठी येत नाहीत, दाण्यांसाठी येतात, आणि एकदा आली की जात नाहीत. त्यांच्या विष्ठेच्या धुळीने फुप्फुसांना सूज येण्याचा आजार होऊ शकतो, तेव्हा हा प्रश्न फक्त घाणीचा नाही.

बुलबुलाचं गणित निराळं. तो मुळात फळं खाणारा, किडे जोडीला, आणि जमिनीवर उतरायला नाखूश. त्याच्यासाठी फांदीला टांगलेल्या थाळीत पिकलेल्या पपईची फोड ठेवा आणि तिच्यावर दोन-तीन अळ्या. तो पपईसाठी येईल आणि ओघात अळी उचलेल. पिल्लं असली की आधी अळ्याच नेईल. सातभाईंना पाचोळा उलथण्याची खोड, त्यांना उथळ ट्रेमध्ये वाळक्या पानांखाली अळ्या दिल्या तर ती टोळी स्वतः शोधून काढते. तिथे लपलेल्या अळ्याच बऱ्या. कोतवालाला हवेत झेलायला आवडतं. ओळख झाल्यावर अळी वर उडवून बघा. शिंपी आणि चष्मेवाला यांना पूर्ण वाढलेली अळी जड जाते, त्यांच्यासाठी सेंटिमीटरभराच्या लहान अळ्या वेगळ्या काढा. हिवाळ्यात, ऑक्टोबर ते मार्च, थिरथिरा येतो. तोही जमिनीवरचाच शिकारी आणि शेपटी थरथरवत बशीपाशी येणारा, त्याला दयाळाचीच पद्धत लागू पडते. मुनिया, होले, पोपट यांच्याकडून अपेक्षा ठेवू नका.

चिमण्यांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण कुणीतरी तुम्हाला सांगेलच की मीलवर्म ठेवले की चिमण्या परत येतात. लंडनच्या उपनगरांत चिमण्यांच्या वसाहतींना विणीच्या हंगामात मीलवर्म देऊन पाहिले गेले. पिल्लं जास्त जगली, मात्र घरटी करणाऱ्या चिमण्यांची संख्या त्या प्रमाणात वाढली नाही. चिमणी दाणे खात असली तरी पिल्लांना पहिले दिवस किडेच भरवते, तेव्हा अळ्यांचा उपयोग आहे. पण घरट्याला जागा नसेल तर नुसत्या अळ्यांनी भागत नाही.

तुम्ही सुरुवात एप्रिलमध्ये केलीत हे चांगलं झालं. मार्च ते मे पुण्याची जमीन वाळून टणक होते, गांडुळं खोल जातात, वरचे किडे कमी होतात, आणि नेमकं तेव्हाच दयाळाचं घरटं असतं. या दिवसांत ओळख लवकर जमते. जूनमध्ये पहिला चांगला पाऊस झाला की संध्याकाळी वाळवीला पंख फुटून ती थव्यांनी बाहेर पडते. तेव्हा सगळ्या पक्ष्यांची चंगळ होते आणि तुमच्या बशीकडे कुणी बघणार नाही. त्यात बिघडलेलं काही नसतं. पावसात बशीला आडोसा करा, नाहीतर तळाशी भोकं असलेलं भांडं वापरा. पाण्यात अळ्या बुडून मरतात आणि मेलेल्या अळ्या ओलाव्यात लगेच सडतात.

आता पिल्लांचा प्रश्न, जो मला तुमच्या सगळ्या प्रश्नांत महत्त्वाचा वाटतो. अळी पक्ष्याचं पोट कुरतडून बाहेर येते ही भीती खोटी आहे. पोटातली आम्लं आणि पेषणी (खाणं दळणारा पोटाचा भाग) यांच्यापुढे ती टिकत नाही. खरी अडचण दुसरी आहे. जिवंत मीलवर्ममध्ये साठ टक्क्यांच्या आसपास पाणी, वीस टक्क्यांच्या आसपास प्रथिनं आणि बारा-तेरा टक्के चरबी असते. हे सगळं ठीक, पण कॅल्शियम फार कमी आणि त्यामानाने फॉस्फरस पुष्कळ. हाडं वाढत असलेल्या पिल्लाला फक्त हेच मिळत राहिलं तर हाडं ठिसूळ राहतात. बागेतले आईबाप कोळी, टोळ, सुरवंट, गांडूळ असं मिश्र खाणं आणतात तोवर चिंता नाही. तुम्ही शंभर अळ्या ठेवल्यात तर ते श्रम करून कोळी कशाला शोधतील? म्हणून एका जोडीला सकाळी दहा-पंधरा आणि संध्याकाळी पाच-सहा, यापुढे जाऊ नका.

अळीचीच प्रत सुधारता येते. ठेवण्याच्या आधीचा एक दिवस अळ्यांना शेवग्याचा पाला, गाजर आणि कॅल्शियम कार्बोनेटची पूड मिसळलेला कोंडा खाऊ घाला. अंड्याचं कवच उकळून, वाळवून, मिक्सरमध्ये अगदी बारीक केलं तरी चालतं. अळीच्या पोटात जे आहे तेच पिल्लाच्या पोटात जातं. नुकत्याच कात टाकलेल्या पांढऱ्या, मऊ अळ्या दिसतील त्या पिल्लांच्या दिवसांसाठी उत्तम, कारण त्यांची त्वचा कठीण झालेली नसते.

पिल्लं आहेत हे कळायचं कसं? दयाळ अळी गिळायच्या ऐवजी चोचीत दोन-तीन धरून एकाच दिशेने उडू लागला की समजा, घरटं तिकडे आहे, भिंतीच्या भोकात, झाडाच्या ढोलीत किंवा जुन्या पाइपात. त्याच्या मागे जाऊ नका. पुढे छातीवर ठिपके असलेली पिल्लं स्वतः बशीपाशी येतात. त्यातलं एखादं जमिनीवर फडफडताना दिसलं तर उचलून घरात आणू नका, ते बहुधा उडायला शिकत असतं आणि आईबाप जवळच असतात. मांजराचा धोका असेल तर जवळच्या झुडपावर ठेवा आणि दूर व्हा. वन्य पक्षी घरात पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हाही आहे.

वाळवलेल्या मीलवर्मना कुणी विचारत नाही, कारण ते हलत नाहीत. जिवंत अळ्यांची सवय पक्की झाल्यावर त्यात मूठभर मिसळले तर चालतात, पण आधी तासभर कोमट पाण्यात भिजवून. विणीच्या दिवसांत कोरडे अजिबात नको. घरट्यातल्या पिल्लाला पाणी खाण्यातूनच मिळतं आणि कोरड्या अळीत ते नसतं. मेलेल्या, काळ्या पडलेल्या अळ्या रोज वेचून टाका. त्यांच्यातून साल्मोनेलासारखे जंतू पसरू शकतात. बशी रोज गरम पाण्याने धुऊन कोरडी करा, हात साबणाने धुवा.

साठवण पुण्याच्या उन्हाळ्यात जरा त्रासाची. झाकणाला बारीक भोकं पाडलेला प्लास्टिकचा रुंद डबा, त्यात दोन-तीन बोटं गव्हाचा कोंडा, वर गाजराची पातळ चकती. जनावरांच्या खाद्याच्या दुकानातला कोंडा स्वस्त पडतो. वापरण्याआधी दोन दिवस फ्रीजरमध्ये ठेवा म्हणजे त्यातले बाकीचे किडे मरतील. अळ्या सात ते दहा अंशांत सुस्त होतात आणि आठवडे टिकतात. फ्रिजचा दरवाजा किंवा खालचा भाजीचा कप्पा यासाठी बरा. आठवड्यातून एकदा दिवसभर बाहेर काढून खायला द्या, पुन्हा आत. फ्रिजमध्ये अळ्या या विषयावर घरात एकमत होईल अशी आशा ठेवू नका. शाकाहारी घरांत तर लहानसा जुना फ्रिज वेगळा घेतलेला मी पाहिला आहे, नाहीतर मग थोड्या थोड्या विकत आणायच्या. दुकानात कधी सुपरवर्म म्हणून मोठ्या अळ्या देतात. त्या निराळ्या भुंगेऱ्याच्या, थंडीत मरतात, त्यांना फ्रिजमध्ये घालू नका आणि दयाळासाठी त्यांची गरजही नाही.

पावसाळ्यात कोंड्याला ओल धरते, बुरशी येते, माइट (डोळ्याला जेमतेम दिसणारे बारीक जीव) होतात. तेव्हा गाजराऐवजी बटाटा घालत असाल तर तो बंद, गाजरही अगदी पातळ, आणि कोंडा लवकर बदला. डब्याला अमोनियाचा वास आला तर तो कोंडा टाकायच्या लायकीचा. कोंड्याची आणि विष्ठेची धूळ काहींना सोसत नाही. घरात कुणाला दमा असेल तर चाळणं अंगणात, तोंडाला मास्क बांधून करा. उरलेल्या अळ्यांचे भुंगेरे झाले तर ते बागेत सोडू नका. धान्यातली ही कीड आहे, स्वयंपाकघरातल्या गव्हाच्या कोठीपर्यंत पोहोचायला तिला वेळ लागणार नाही. डबाही धान्यापासून लांबच ठेवा.

उद्यापासून भिंतीवरची वाटी काढून घ्या, आठवडाभर फक्त खुरपं आणि मातीवर चार अळ्या, सकाळी उजाडताच. सुट्टीत गावी जाणार असाल तर आदल्या आठवड्यात अळ्या निम्म्या करत आणा. घरट्यात पिल्लं असतील तर ती उडून जाईपर्यंत, म्हणजे साधारण दोन आठवडे, शेजाऱ्यांपैकी कुणाला तरी सकाळचं काम सांगून जा.